जुन्या एमटीबीला नवे टायर: सव्वीस इंची चाकासाठी निवड कशी करावी

सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिन्याखाली, गावच्या पडवीत उभ्या असलेल्या जुन्या एमटीबी, म्हणजे माउंटन बाईक, पाहा. बहुतेकींची फ्रेम धडधाकट असते, गियरही थोड्या तेलपाण्यावर चालू होतात. गेलेले असतात ते टायर. बाजूला भेगा, मधली नक्षी झिजून गोटा, हवा भरली की दोन दिवसांत चाक पुन्हा बसलेलं. दुकानात नेलं की बरेचदा ऐकायला मिळतं, "सव्वीसची साईज बंद झाली, आता नवीनच घ्या." हे खरं नाही. २०१३ च्या आसपास नव्या महाग एमटीबींमधून सव्वीस इंची चाक मागे पडत गेलं, एवढाच त्याचा अर्थ. टायर आजही निघतात. लुधियानाच्या राल्सन आणि मेट्रोपासून तैवानच्या केंडा आणि मॅक्सिसपर्यंत, जर्मनीच्या श्वाल्बे आणि कॉन्टिनेंटलपर्यंत सगळ्यांकडे या मापाचं काही ना काही आहे.

माझं ठाम मत असं की जुन्या सायकलवर पैसे खर्च करायचे असतील तर पहिले टायरवर करावेत. दुसऱ्या कुठल्याच भागाने सायकलचं वागणं इतकं बदलत नाही. मात्र "होते तसेच द्या" म्हणून आणू नका. सायकल नवी असताना तिच्यावर होते ते उंच ठोकळ्यांचे टायर बहुतेक वेळा शोरूममध्ये दमदार दिसावेत म्हणून बसवलेले असतात. तुमची सायकल रोज जिथून जाते, त्या रस्त्याचा विचार त्यात कुणी केलेला नसतो.

टायर खरंच संपलाय का

चाक हळूहळू फिरवत उजेडात टायर नीट बघा. मधल्या पट्ट्यातली नक्षी सपाट झाली असेल आणि रबराखालचे धागे दिसू लागले असतील तर विचार करायचं कारण नाही, टायर काढा. कुठे फुगवटा आला असेल तर आतले धागे तुटलेत. असा टायर उतारावर फुटू शकतो, त्याच्यावर आणखी एक फेरीही मारू नका. बाजूच्या भेगांचं मात्र तारतम्याने बघावं लागतं. वरच्यावर केसासारख्या रेषा असतील तर टायर सपाट रस्त्यावर अजून काही महिने चालेल. अंगठ्याने दाबल्यावर भेग उघडून आत कापड दिसत असेल तर त्याचं आयुष्य संपलं.

उन्हात उभ्या राहिलेल्या सायकलचा टायर न चालवताही जातो. रबर कडक होतं, नखाने दाबलं तर दबत नाही, आणि ओल्या रस्त्यावर पकड देत नाही. नक्षी शाबूत दिसते म्हणून असा टायर वाचवायला जाऊ नका.

मागचा टायर पुढच्यापेक्षा बराच लवकर झिजतो, कारण चालवणाऱ्याचं जास्त वजन मागच्या चाकावर असतं आणि पायडलचा जोरही तिथेच येतो. बजेट एकाच टायरचं असेल तर नवा टायर पुढे बसवा आणि पुढचा बरा असलेला मागे न्या. अनेक जण उलट करतात. मागचं चाक घसरलं तर सायकल बहुधा सावरता येते. पुढचं घसरलं तर माणूस खाली पडलेलाच असतो.

५५९ हा आकडा शोधा

टायरच्या बाजूवर दोन प्रकारची मापं लिहिलेली असतात. एक इंचात, उदाहरणार्थ २६ × १.९५. दुसरं मिलिमीटरमध्ये, ५०-५५९. यातलं पहिलं दिशाभूल करू शकतं, दुसरं करत नाही. ५० म्हणजे टायरची रुंदी आणि ५५९ म्हणजे रिमवर जिथे टायरची कड बसते त्या वर्तुळाचा व्यास. तुमच्या जुन्या एमटीबीला ५५९ चाच टायर लागतो.

इंचाचा घोटाळा आपल्याकडे जास्त होतो, कारण आपल्याकडे "सव्वीसची सायकल" म्हणजे एकच गोष्ट नाही. लेडीज सायकलचा टायर २६ × १ ३/८ असतो आणि त्याचा व्यास ५९० आहे. तो एमटीबीच्या रिमवर ३१ मिलिमीटरने सैल पडतो, बसणारच नाही. साधा नियम असा की दशांशात लिहिलेले सव्वीस, म्हणजे १.५, १.७५, १.९५, २.१, हे ५५९ चे असतात. अपूर्णांकात लिहिलेले सव्वीस दुसऱ्या व्यासाचे. १.७५ आणि १ ३/४ गणितात एकच असले तरी टायरमध्ये एक नाहीत. त्यामुळे दुकानदाराला "सव्वीसचा द्या" म्हणू नका. ५५९ म्हणा, आणि दिलेल्या टायरवर तो आकडा स्वतः वाचा.

हे माप आलं कुठून, तेही सांगतो, कारण त्यातच ते अजून टिकून का आहे याचं उत्तर आहे. अमेरिकेत श्विन कंपनीने १९३३ मध्ये फुगीर टायरच्या सायकली आणल्या. त्यांच्यावरचे २६ × २.१२५ चे टायर वर्तमानपत्रं टाकणाऱ्या पोरांच्या दणकट सायकलींवर दिसायचे. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीमधली मंडळी त्याच जुन्या सायकली डोंगरावर चढवून उतारावरून सोडू लागली. १९७६ मध्ये त्यांच्या 'रिपॅक' शर्यती सुरू झाल्या. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने स्टम्पजम्पर ही एमटीबी बाजारात आणली तेव्हा चाक तेच राहिलं. पुढची तीन दशकं जगभरच्या एमटीबी याच मापावर निघाल्या. एवढ्या सायकली रस्त्यावर असताना टायर बनवणं कुणी सहजासहजी थांबवत नाही. आजच्या चार इंची जाड टायरच्या अनेक फॅट बाईकही ५५९ च्याच रिमवर चालतात. तो जाड टायर तुमच्या फ्रेममध्ये मावणार नाही, पण व्यास तोच.

दुकानात कुणी सत्तावीस-पाचची, म्हणजे साडेसत्तावीस इंची, चाकं टाकायचा सल्ला दिला तर व्ही-ब्रेकच्या, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी गुटके दाबून थांबणाऱ्या, सायकलला तो विसरून जा. त्या रिमचा व्यास ५८४. म्हणजे रिमची कड साडेबारा मिलिमीटर वर सरकते, आणि ब्रेकचे गुटके तिथपर्यंत पोहोचत नाहीत.

रिम काय म्हणते

टायर निवडण्याआधी रिम तपासा. जुना टायर उतरवलेला असतानाच हे नीट होतं.

पहिलं, रिमची आतली रुंदी. दोन्ही कडांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर पट्टीने मोजा. जुन्या एमटीबींमध्ये ते साधारण १७ ते १९ मिलिमीटर असतं, काही आणखी जुन्या रिम त्याहून रुंद असतात. १७ च्या रिमवर ५० मिलिमीटर, म्हणजे सुमारे दोन इंच, इथपर्यंतचे टायर नीट बसतात. १९ असेल तर २.२५ पर्यंत बिनधास्त जा. अरुंद रिमवर फार जाड टायर टाकला तर वळणावर तो रिमवर डोलतो. हवा कमी असली की सायकल पायाखालून सरकल्यासारखी वाटते.

दुसरं, रिमची कड. ॲल्युमिनियमच्या बऱ्याच रिमना आतल्या बाजूला हुकासारखा छोटा वाक असतो, टायरच्या कडेतली तार त्यात अडकते. स्वस्त सायकलींच्या लोखंडी रिमची कड सरळ असते. अशा रिमवर घडी होणारा, तारेऐवजी धाग्याच्या कडेचा टायर टाकू नका आणि हवाही बेताने भरा, नाहीतर टायर रिमवरून उडू शकतो. तारेचा जाड टायर तिथे योग्य.

तिसरं, झीज. व्ही-ब्रेकचे गुटके वर्षानुवर्षं रिम घासत असतात. पावसात चिखल आणि वाळू मध्ये आली की ते सरळ पॉलिश पेपरचं काम करतात. रिमच्या बाजूवर सपाट पट्टी ठेवा. मधे खोलगट दिसत असेल, उजेड येत असेल, तर रिम पातळ झाली आहे. काही रिमवर झीज दाखवणारी खाच किंवा बारीक भोक असतं. ते पुसलं गेलं असेल तर रिम बदला. पातळ रिममध्ये टणक हवा भरली तर तिची कड फाटते, आणि ते बहुतेक वेळा ब्रेक दाबलेला असतानाच होतं.

चौथं, रिमपट्टी. स्पोकच्या टोकांवर बसणारी रबरी पट्टी जुनी झाली की सरकते. मग ट्यूबला आतल्या बाजूने पंक्चर होत राहतं आणि आपण टायरमध्ये काटा शोधत बसतो. नवे टायर घालताना नवी पट्टी घालाच. कापडी चिकटपट्टी मिळाली तर उत्तम, ती हलत नाही.

फ्रेममध्ये किती जागा आहे

जाड टायर आरामदायी असतो, पण तो मावला पाहिजे. जिथे जागा सगळ्यात कमी असते ती ठिकाणं अशी: पायडलच्या मागे जिथून दोन नळ्या मागच्या चाकाकडे जातात तो भाग, सीटखालून येणाऱ्या नळ्यांमधली आडवी पट्टी, पुढच्या फोर्कची कमान, आणि पुढच्या डिरेलरचा, म्हणजे गियर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागाचा, पिंजरा. जुन्या टायरवर हवा भरून प्रत्येक ठिकाणी ॲलन की, म्हणजे षटकोनी चावी, सरकवून बघा. सहा मिलिमीटरची चावी दोन्ही बाजूंना अडखळत न जाता फिरली तर जागा पुरेशी आहे. पाचचीसुद्धा अडकत असेल तर याहून जाड टायर नको.

ही मोजणी का करायची, ते पावसात कळतं. टायर आणि फ्रेमच्या फटीत काळी माती अडकली की चाक फिरत नाही. शिवाय जुनी चाकं बहुतेक थोडी आऊट असतात, स्पोक सैल असले की चाक डोलतं, आणि आज तीन मिलिमीटर मोकळी वाटणारी जागा उद्या घासू लागते.

पुढे सस्पेन्शन असेल तर आणखी एक माप. टायरच्या माथ्यापासून वरच्या भागापर्यंतचं अंतर मोजा. फोर्क जितका दबतो, समजा ८० मिलिमीटर, त्याहून हे अंतर निदान ६ मिलिमीटर जास्त हवं. खड्ड्यात फोर्क पूर्ण बसला आणि टायर वरच्या भागाला टेकला तर चाक जागच्या जागी थांबतं.

टायरवर लिहिलेली रुंदी आणि प्रत्यक्ष रुंदी यांत फरक असतो हेही ध्यानात ठेवा. जुने २.१ म्हणून विकलेले टायर मोजले तर बरेचदा ५० मिलिमीटरच्या आत भरतात. म्हणून "जुना २.१ होता, नवा २.१ बसेल" असं धरून चालू नका. नवा टायर चढवा, पूर्ण हवा भरा, चाक फिरवून बघा, मगच बिल करा. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

मडगार्ड लावायचे असतील तर त्यांच्यासाठी वरून निदान १० मिलिमीटर सोडा. महाराष्ट्रात रोज सायकल चालवायची तर पावसाळ्यात मडगार्ड लागतातच. त्यासाठी टायर एक माप बारीक घ्यावा लागला तरी हरकत नाही.

तुम्ही खरंच कुठे चालवता

आता मुख्य निर्णय. इथे स्वतःशी प्रामाणिक राहायला लागतं, कारण एमटीबी घेतलेल्या बहुतेकांचा जास्त वेळ डांबरावर आणि सिमेंटवर जातो. ऑफिस, कॉलेज, भाजी, रविवारी एखादा घाट. तिथे उंच ठोकळ्यांचा टायर दमवतो. प्रत्येक ठोकळा जमिनीला टेकताना वाकतो आणि सुटताना सरळ होतो. त्या वाकण्यात तुमच्या पायांची ताकद उष्णता होऊन वाया जाते. गुरगुर असा आवाज येतो, तो त्याच वाया जाणाऱ्या ताकदीचा.

डांबरासाठी गुळगुळीत किंवा अगदी उथळ खाचांचा टायर घ्या. यावर लगेच प्रश्न येतो की पावसात घसरणार नाही का? नाही. मोटारीच्या रुंद, सपाट टायरखाली वेगात पाण्याचा थर साचू शकतो, म्हणून तिथे खोल खाचा लागतात. सायकलचा टायर अरुंद आणि गोल असतो, वेगही कमी असतो, त्यामुळे तो पाणी बाजूला सारून रस्त्याला टेकतो. ओल्या डांबरावर पकड ठरते ती रबराच्या मऊपणावर आणि रबराचा किती भाग रस्त्याला लागतो त्यावर. उंच ठोकळ्यांचा कमी भाग टेकतो, म्हणून ओल्या रस्त्यावर तेच आधी सरकतात. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे, लोखंडी झाकणं, सांडलेलं डिझेल आणि पहिल्या पावसातला तेलकट रस्ता, यांवर मात्र कुठलीही नक्षी वाचवत नाही. तिथे सायकल सरळ ठेवायची आणि ब्रेक दाबायचा नाही.

रुंदीबद्दलही एक गैरसमज पक्का बसला आहे की बारीक टायर म्हणजे वेग. तेवढ्याच हवेला रुंद टायर बारीक टायरपेक्षा सोपा पळतो, कारण तो जमिनीवर आडवा पसरतो आणि कमी वाकतो. आपले रस्ते पाहता, म्हणजे खड्डे, पेव्हर ब्लॉक, उड्डाणपुलाचे सांधे, उकरून बुजवलेल्या चऱ्या, शहरासाठी मी १.७५ ते २.० च्या खाली जाणार नाही. १.५ चा टायर फक्त त्यांनी घ्यावा ज्यांचा रस्ता खरंच चांगला आहे आणि ज्यांना लांब पल्ला मारायचा आहे. फार बारीक टायर टाकला की सायकल खाली बसते हेही लक्षात घ्या. २.१ वरून १.५ वर आलात तर पायडल जमिनीच्या दीडेक सेंटिमीटर जवळ येतं आणि वळणावर किंवा स्पीडब्रेकरवर टेकू शकतं. सायकलवर मीटर असेल तर चाकाचा घेरही बदलून टाका: १.९५ साठी सुमारे २०५० मिलिमीटर, १.५ साठी सुमारे २०१०.

अर्धा डांबरी आणि अर्धा मुरमाचा रस्ता असेल, म्हणजे शेतावर जाणारी पाणंद, धरणाच्या काठचा कच्चा रस्ता, गडाच्या पायथ्यापर्यंतची वाट, तर मधे सलग पट्टा आणि बाजूला छोटे ठोकळे असलेला टायर हवा. सरळ जाताना मधला पट्टा टेकतो आणि सायकल गुपचूप पळते; मऊ जमिनीत चाक रुतलं किंवा वळणावर झुकलं की बाजूचे ठोकळे कामाला लागतात. जुन्या एमटीबीच्या मालकांपैकी बहुतेकांना हाच टायर सगळ्यात उपयोगी पडेल असं मला वाटतं. कॉन्टिनेंटलचा डबल फायटर आणि श्वाल्बेचा लँड क्रूझर हे याच जातीचे. भारतीय कंपन्यांचेही या घडणीचे टायर मिळतात, आणि रोजच्या वापराला ते पुरतात.

सह्याद्रीतल्या पायवाटांवर, दगडधोंड्यांवर खरोखर जात असाल तरच पूर्ण ठोकळ्यांचा टायर घ्या. त्यातही जमीन बघा. कोकणातल्या जांभ्यावर आणि सुक्या मुरमावर छोटे, जवळजवळ बसवलेले ठोकळे चांगले चालतात, कारण तिथे सायकल भुसभुशीत खड्यांवरून जाते. देशावरच्या ओल्या काळ्या मातीत जवळच्या ठोकळ्यांमध्ये चिखल भरून टायर पुन्हा गोटा होतो. तिथे दूरदूर बसवलेले उंच ठोकळे चिखल झटकून टाकतात. काळी माती पुरती भिजलेली असेल तर कुठलाच टायर चालत नाही, सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

पुढे-मागे वेगळे टायर टाकायला काहीच हरकत नाही. पुढे जास्त पकडीचा आणि थोडा रुंद, मागे जास्त सलग नक्षीचा. पुढचं चाक वळवतं आणि थांबवतं, मागचं ढकलतं. दोघांची कामं वेगळी आहेत.

काटे आणि तारा

आपल्याकडे टायर निवडताना नक्षीइतकाच विचार पंक्चरचा करावा लागतो. पावसाळा संपला की माळरानावर आणि रस्त्याच्या कडेला सराटे वाळतात. त्यांचा काटा कसाही पडला तरी एक टोक वर राहतं. बाभळीचे काटे लांब असतात आणि पातळ टायरमधून सरळ ट्यूबपर्यंत जातात. हायवेच्या कडेने जाणाऱ्यांना तिसरा त्रास: ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून निघालेल्या बारीक पोलादी तारा. त्या डोळ्याला दिसतही नाहीत, टायरमध्ये शिरून बसतात आणि ट्यूब बदलली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा टोचतात.

सराटे आणि बाभळीच्या मुलखात राहत असाल तर नक्षीच्या खाली जाड संरक्षक थर असलेला टायर घ्या, जास्तीचं वजन सोसून. श्वाल्बेच्या मॅरेथॉन प्लसमध्ये असा ५ मिलिमीटरचा रबरी थर आहे. टायर जड आहे, चढावर जाणवतो आणि महाग आहे. पण रोज कामावर सायकलने जाणाऱ्याला रस्त्यात थांबायला लागू नये याचं मोल मोठं असतं. एवढा खर्च नको असेल तर साध्या भारतीय टायरमध्ये आतून लावायची प्लास्टिकची पट्टी मिळते. तिचं कापलेलं टोक ट्यूबला घासणार नाही असं गोल करून बसवा. जाड, मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह असलेल्या ट्यूबमध्ये सीलंटही घालता येतं, त्याने बारीक काट्याची भोकं आपोआप बुजतात. मोठ्या चिरेला त्याचा उपयोग नाही.

ट्यूबलेसचा मोह होईल. नव्या एमटीबींवर ते उत्तम चालतं, पण जुन्या रिमच्या आतली बैठक त्यासाठी बनवलेली नसते, आणि टायर जागेवर धरून ठेवायला ती बैठकच लागते. जुन्या सायकलला ट्यूबच ठेवा.

आतली घडण

टायरच्या खोक्यावर टीपीआय लिहिलेलं असतं, म्हणजे एका इंचात किती धागे. २७ ते ३० धाग्यांचा टायर जाड, दणकट, स्वस्त. ६० च्या आसपासचा मऊ चालतो आणि बऱ्यापैकी टिकतो. १२० चा हलका आणि चपळ, पण बाजूने लवकर फाटतो. बेसाल्टच्या धारदार खडीवर तो नकोच. रोजच्या सायकलला ३० किंवा ६० पुरे.

तारेच्या कडेचा टायर की घडीचा? घडीचा हलका असतो आणि लांबच्या प्रवासात बॅगेत सुटा टायर न्यायला सोयीचा. बाकी फरक वजनाचा आणि किमतीचा. लोखंडी रिमचा इशारा वर दिलाच आहे.

खरेदी करताना टायर हातात घेऊन वाकवून बघा. दुकानात वर्षानुवर्षं टांगलेला सव्वीसचा माल मिळण्याची शक्यता खरी आहे, कारण त्याची विक्री हळू होते. रबर वाकवल्यावर भेगा दिसल्या, पृष्ठभाग कोरडा आणि भुरकट वाटला, तर कितीही सवलत असली तरी सोडून द्या. सोबत नवी ट्यूब घ्या. २६ × १.७५ ते २.१२५ असं लिहिलेली ट्यूब बहुतेक टायरना चालते. व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकाप्रमाणे हवा. मोटारसायकलसारख्या व्हॉल्व्हला साडेआठ मिलिमीटरचं भोक लागतं, बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला साडेसहाचं. मोठ्या भोकात बारीक व्हॉल्व्ह घातला तर तो हलत राहून मुळाशी ट्यूब फाडतो. जाड व्हॉल्व्हचा आणखी फायदा म्हणजे कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते.

बसवताना

टायरच्या बाजूवर बाण असतो, फिरण्याची दिशा दाखवणारा. काही टायरवर पुढच्या चाकासाठी एक आणि मागच्यासाठी उलटा असे दोन बाण असतात, ते वाचून घ्या.

एक कड रिमवर चढवा. ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती थोडी हवा भरा, ती टायरच्या आत बसवा, व्हॉल्व्ह सरळ आहे ना बघा. दुसरी कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरू करून व्हॉल्व्हपाशी संपवा. शेवटचा भाग घट्ट जातो. तेव्हा लोखंडी पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर घालू नका, नवी ट्यूब तिथेच चिमटून फाटते. उरलेल्या टायरची कड दोन्ही हातांनी दाबत रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला. त्याने जागा मोकळी होते आणि शेवटचा भाग अंगठ्यांनी चढतो. अगदीच अडलं तर प्लास्टिकचा लिव्हर वापरा.

मग व्हॉल्व्ह एकदा आत दाबून सोडा, म्हणजे ट्यूब कडेखाली अडकली असेल तर सुटते. अर्धी हवा भरून चाक फिरवा. टायरच्या बाजूला रिमला लागून एक बारीक रेघ असते; ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे आत गेली किंवा वर आली असेल तर हवा सोडा, तो भाग हाताने ओढा, पुन्हा भरा. ही रेघ न बघता पूर्ण हवा मारली तर चाक उड्या मारत चालतं.

शेवटी ब्रेक. गुटके फक्त रिमला लागले पाहिजेत. रुंद टायर टाकल्यावर गुटक्याचा वरचा कोपरा टायरला घासू लागतो आणि काही दिवसांत बाजू कापून टाकतो. ब्रेक दाबून डोळ्यांनी खात्री करा.

हवा किती

टायरच्या बाजूवर पीएसआयमध्ये, म्हणजे हवेच्या दाबाच्या मापात, लिहिलेला सर्वांत मोठा आकडा ही मर्यादा आहे. तेवढी हवा रोज भरायची असा त्याचा अर्थ नाही. ७० किलोच्या आसपासच्या माणसाने १.९५ च्या टायरला डांबरावर पुढे ४० आणि मागे ४५ पीएसआयने सुरुवात करावी. कच्च्या रस्त्यावर पुढे ३०, मागे ३५. १.५ ला ५५ ते ६५. वजन जास्त असेल, मागे सामान असेल तर मागच्या चाकात पाच-सात वाढवा. फार टणक हवेने सायकल खडखडत उडते आणि ओल्या रस्त्यावर पकड जाते. फार कमी हवेने खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायरमध्ये चेपून तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. तशी दोन भोकं दिसली की काटा शोधू नका, हवा वाढवा.

पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरने भरताना हात जपून, सायकलच्या ट्यूबला फार थोडी हवा लागते आणि टायर क्षणात टणक होतो. मीटर असलेला पायपंप घरात ठेवला तर सगळ्यात बरं. ट्यूब न पंक्चर होताही हळूहळू हवा सोडते, म्हणून आठवड्यातून एकदा मीटर लावून बघा.

पहिल्या दोन-चार फेऱ्या सांभाळून. नव्या टायरवर साच्यातून काढताना लागलेला निसरडा थर असू शकतो, तो थोडं अंतर चालवल्यावर घासून जातो. त्यानंतर पुन्हा एकदा ॲलन की घेऊन फटी तपासा, कारण नवा टायर हवेखाली काही दिवसांत थोडा पसरतो.

उतरवलेला जुना टायर लगेच भंगारात देऊ नका. त्याच्या बाजूचा, भेगा नसलेला भाग शोधा आणि पाच-सहा सेंटिमीटरचा तुकडा कापून कडा गोल करा. सीटखालच्या पिशवीत तो पॅच आणि सोल्यूशनसोबत ठेवा. रस्त्यात नवा टायर दगडाने चिरला तर तो तुकडा आतून, ट्यूब आणि चिरेच्या मधे घालायचा, हवा थोडी कमी भरायची आणि तेवढ्यावर घरापर्यंत यायचं.